आई मावशींचं ऐकते, आमचं नाही: मावशी बदलायच्या का?

तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात मांडते. आई 81 वर्षांच्या, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, दादरला वन-बीएचकेमध्ये राहतात. दोन वर्षांपूर्वी स्ट्रोक आला, उजवा हात-पाय कमजोर आहे, बोलताना शब्द अडकतात, शिवाय डायबिटीस. घरी अटेंडंट पुरवणाऱ्या ब्यूरोकडून आलेल्या चोवीस तासांच्या मावशी दीड वर्ष सोबत आहेत. तुम्ही ठाण्याला, भाऊ अंधेरीला. मावशी संध्याकाळी साखर घातलेला चहा देतात, वॉकर धरून आईंना खाली सोसायटीच्या बाकावर नेतात आणि आई नको म्हणतात म्हणून रात्री डायपर लावत नाहीत. त्यातच आईंनी मावशींच्या मुलीच्या फीसाठी पाच हजार रुपये दिले आणि ते तुम्हाला मागाहून कळलं. भावाचं म्हणणं असं की मावशी बदलू, कॅमेरा लावू, फ्लॅट आताच नावावर करून घेऊ आणि हे जमत नसेल तर आईला वृद्धाश्रमात ठेवू. आई यातल्या एकालाही तयार नाहीत.

माझं उत्तर सरळ आहे. या कारणांसाठी मावशींना काढू नका. मी नर्सिंग केलं आणि पुढे मुंबईत घरोघरी वृद्धांकडे काम करणाऱ्या अटेंडंटना शिकवणं, त्यांच्या कामावर देखरेख ठेवणं हेच करत आले. तुमच्या पत्रातल्या ज्या गोष्टी तुम्ही तक्रार म्हणून लिहिल्यात, त्यातल्या बहुतेक मला आईंच्या इच्छा वाटतात. चहा आईंना हवा आहे, खाली जायचं आईंना आहे, डायपर आईंना नको आहे. मावशी फक्त त्यांचं ऐकतात. मावशी बदलल्या तरी या इच्छा तशाच राहतील, फक्त त्या ऐकणारं माणूस घरात राहणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही एका ठिकाणी लिहिलंय, ‘आईला आता फारसं कळत नाही, त्यामुळे निर्णय आम्हालाच घ्यावे लागतात.’ हे कशावरून ठरवलंत? उजवी बाजू गेली म्हणजे इजा मेंदूच्या डाव्या भागाला झाली, आणि बहुतेकांचं भाषेचं केंद्र तिथेच असतं. त्या इजेमुळे बोलण्यात येणाऱ्या अडचणीला अफेजिया म्हणतात. शब्द सापडत नाहीत, एक म्हणायचं असताना दुसरंच तोंडातून जातं, कधी ‘हो’च्या जागी ‘नाही’ येतं. पण अफेजिया असलेल्या पुष्कळ लोकांची समज त्यांच्या बोलण्यापेक्षा कितीतरी चांगली असते. बाहेरून बघणाऱ्याला ते ओळखू येत नाही. घरचे दोनदा विचारतात, उत्तर येईना की आपणच वाक्य पुरं करतात, आणि हळूहळू विचारणंच बंद होतं. जी बाई वर्षानुवर्षं चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग सांभाळत होती, तिच्या डोक्यावरून घरातली माणसं तिच्याबद्दल बोलायला लागतात.

मावशींना आईंचं कळतं यात काही जादू नाही. त्या दिवसभर तिथे असतात आणि थांबतात. तुम्हीही थांबून बघा. टीव्ही बंद करा, समोर बसा, एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि मनातल्या मनात दहा आकडे होईपर्यंत गप्प राहा. दोन वस्तू समोर धरून विचारा. ही साडी की हा गाऊन? पोहे की शिरा? ‘हो’ म्हणाल्या तर अंगठा वर करून दाखवायला सांगा, म्हणजे चुकून आलेला ‘हो’ आणि खरा ‘हो’ वेगळा कळेल. महत्त्वाचं काही असेल तर तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी उलटा करून विचारा. दोन्ही वेळा उत्तराचा रोख एकच असेल, तर तो त्यांचा निर्णय आहे असं धरा. स्पीच थेरपिस्टला दाखवलं नसेल तर दोन वर्षांनंतरही दाखवा, उपयोग होतो.

निर्णयक्षमता ही काही सगळी असते किंवा सगळी जाते अशी गोष्ट नाही. बँकेच्या एफडीचं व्याज समजत नसलेल्या आजींना आंघोळ सकाळी हवी की दुपारी, हे नेमकं सांगता येतं. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 हा कायदा मानसिक आजाराच्या उपचारांपुरता आहे, पण त्यातलं तत्त्व मी प्रत्येक घरात वापरते. माणसाला माहिती समजते आहे, त्या निर्णयाने काय होईल ते उमजतं आहे आणि बोलून, खुणेने किंवा कसंही ते सांगता येतं आहे, तर निर्णयाची क्षमता आहे. निर्णय आपल्याला चुकीचा वाटला एवढ्यावरून क्षमता नाही असं ठरत नाही.

आता चहा. आईंचं एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, किती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण स्ट्रोक झालेल्या, दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या 81 वर्षांच्या बाईसाठी चाळिशीतल्या माणसाचं लक्ष्य ठेवायचं नसतं. डायबिटीसच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही अशा वृद्धांसाठी 7 ऐवजी 8 च्या आसपास चालतं, कारण या वयात साखर एकदम उतरणं जास्त घातक. चक्कर येते, माणूस पडतं, खुब्याचं हाड मोडतं. डॉक्टरांना असं विचारा, ‘संध्याकाळच्या कपात एक चमचा साखर धरून गोळ्या बसवून द्याल का?’ बहुतेक डॉक्टर देतात. मला साखरेपेक्षा काळजी गिळण्याची आहे. स्ट्रोकनंतर चहा-पाण्यासारखे पातळ पदार्थ श्वासनलिकेत जाऊ शकतात. घोटानंतर ठसका लागतो का, आवाज ओलसर, घरघरल्यासारखा येतो का, हे मावशींना विचारा. तसं असेल तर आधी गिळण्याची तपासणी करून घ्या. नसेल तर आईंना ताठ बसवून, छोटे घोट देऊन, नंतर अर्धा तास तरी आडवं न करता चहा खुशाल द्या.

खाली नेण्याबद्दल भाऊ म्हणतात, पडली तर कोण जबाबदार? प्रश्न रास्त आहे. पण न पडण्यासाठी पलंगावर ठेवलेलं माणूस सुरक्षित नसतं. पायातली ताकद काही आठवड्यांत जाते, बद्धकोष्ठ होतं, माकडहाडावर बेडसोर येतो, झोपेचं चक्र उलटतं. घरात बसवून धोका टळत नाही, फक्त वेगळा धोका येतो. तुमच्या हातात आहे ते खाली जाणं नीट करणं. मावशींनी आईंच्या उजवीकडे, म्हणजे कमजोर बाजूला, अर्धं पाऊल मागे राहायचं. कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरायचा, दंडाला धरून ओढायचं नाही, कारण स्ट्रोक झालेल्या बाजूचा खांदा ओढल्याने निखळतो. उजवा हात वॉकरवर पक्का बसत नसेल तर वॉकर बरोबर आहे का हे फिजिओला विचारा. अशांना बऱ्याचदा डाव्या हातात चार पायांची काठी जास्त सोयीची पडते. पायात मागून पट्टा असलेली चप्पल. आणि सोसायटीत अटेंडंटना मुख्य लिफ्ट वापरू देत नसतील, असे नियम मुंबईत अजून आहेत, तर कमिटीशी तुम्ही बोला. आईंना एका लिफ्टने आणि मावशींना दुसऱ्या लिफ्टने खाली जाता येत नाही.

डायपरबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे सगळ्यात जास्त घरं मोडतात. आपल्याला लघवीला होते आहे हे ज्या बाईला कळतं, तिला ‘त्यातच करा, आम्ही सकाळी बदलू’ असं सांगणं हा तिच्यासाठी भयंकर अपमान असतो. काही आजी मग संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्याने लघवीचं इन्फेक्शन होतं, इन्फेक्शनने भ्रम होतो आणि घरचे म्हणतात डोकं बिघडलं. कमोड चेअर पलंगाच्या डाव्या अंगाला, चांगल्या बाजूला लावा, म्हणजे उठून सरकताना जोर डाव्या पायावर येईल. पायाशी मंद दिवा. डाव्या हाताला लागेल अशी वाजवायची घंटी. लघवीची गोळी चालू असेल तर ती सकाळी देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. पाणी दिवसा भरपूर, साडेसात-आठनंतर कमी. एवढं केलं की रात्री तीन वेळा उठणाऱ्या आजी बऱ्याचदा एक-दोन वेळांवर येतात.

पण ती एक-दोन वेळाही कुणीतरी उठायचं असतं, आणि ते मावशी उठतात. चोवीस तासांची बाई असा शब्द आपण सहज वापरतो, पण चोवीस तास जागं कुणीच राहू शकत नाही. आईंच्या पलंगाशेजारी चटईवर झोपायचं, रात्रीतून उठायचं, सकाळी सहाला पुन्हा सुरू. दुपारी दोन तास त्यांना खरोखर मोकळे मिळतात का? आठवड्याची सुट्टी आहे का? तुम्ही त्यांच्याबद्दल पानभर लिहिलंत, पण त्या महिन्यातून किती दिवस घरी जातात याचा उल्लेख नाही. 2008 चा महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम आहे, मंडळात नोंदणी करता येते, पण सुट्टी, झोप, जेवण हे अजूनही ज्या-त्या घराच्या मर्जीवर चालतं. ताटली वेगळी, कप वेगळा, फ्रीजला हात लावायचा नाही, आणि त्याच हातांनी आपल्या आईचं शी-शू काढायचं. अशा घरांत बायका टिकत नाहीत, आणि टिकल्या तरी त्यांचा हात राठ होतो. मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे, आणि म्हणून कुठल्याही घरी गेले की पहिलं हेच बघते की अटेंडंट कुठे झोपते आणि कधी जेवते.

हात म्हणजे काय, ते एका आंघोळीतून सांगते. परळच्या चाळीतले एक आजोबा, गिरणीत आयुष्य गेलेलं, डिमेन्शिया. आंघोळीला नेलं की मारायचे, थुंकायचे. ब्यूरोने एकामागून एक मुलगे बदलून पाठवले. प्रत्येक जण मोरीत नेऊन आधी पायजम्याच्या नाडीला हात घालायचा आणि आजोबा नाडी मुठीत घट्ट धरून ओरडायचे. मग एक मध्यमवयीन मामा आले. त्यांनी बादली भरून आजोबांना कपड्यांसकट स्टुलावर बसवलं, त्यांचा हात धरून पाण्यात बुडवला आणि विचारलं, ‘बघा हो, पुरे का गरम?’ आजोबा म्हणाले, ‘आणखी टाक.’ पाणी घातलं. मग तांब्या आजोबांच्या हातात दिला आणि मामा पाठ फिरवून साबण शोधत राहिले. आजोबांनी स्वतः तोंड धुतलं, काखा धुतल्या, सदरा भिजला तेव्हा स्वतःच काढला. मामांनी फक्त पाठ आणि पाय धुतले, आणि तेवढा वेळ मांडीवर कोरडा टॉवेल ठेवला. अर्धा तास लागला. घरच्यांची तक्रार होती, ‘एवढा वेळ?’ मी त्यांना सांगितलं की आजोबांनी आज कुणालाही मारलं नाही, हे त्या अर्ध्या तासात होतं.

अशी माणसं ब्यूरोकडे मागून मिळत नाहीत. ती एकमेकांच्या सवयी शिकत घडतात, आणि त्याला महिने लागतात. प्रत्येक नव्या मावशीसमोर तुमच्या आईंना पहिल्या दिवशी परक्या बाईपुढे उघडं व्हावं लागेल. बदली करण्याआधी ही किंमत डोळ्यांपुढे ठेवा.

तरी बदलायलाच हवं अशी कारणं असतात, आणि ती दिसली तर एक दिवसही थांबू नये. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांचे वळ. अटेंडंट जवळ आली की अंग आखडून घेणं. वजन उतरणं. तुम्ही असताना आईंना एकटं सोडायला तिची तयारी नसणं. दिवसभर गुंगी आणि झोपेच्या गोळ्यांची पट्टी लवकर संपणं, हे नेहमी तपासा, कारण रात्रीची झोप मिळावी म्हणून गोळी देण्याचे प्रकार होतात. हात पलंगाला बांधणं हेही त्यातच आलं, मग ते ‘नळी ओढतात म्हणून’ असलं तरी. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. पुढेमागे कुठेही शंका आली तर 14567 ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत. मावशींची ओळखपत्रं आणि फोटो पोलिस ठाण्यात दिले नसतील तर देऊन टाका. ते मावशींना सांगून, त्यांच्यासमोर करा.

पाच हजारांबद्दल. पेन्शन आईंची आहे. त्यातून एका मुलीची फी भरावीशी वाटली, तर शिक्षिकेला तसं वाटणं मला अगदी स्वाभाविक वाटतं. लपून झालं हे मात्र दोघींसाठीही चांगलं नाही, कारण उद्या काही हरवलं तर संशय मावशींवरच येईल. आईंना विचारून महिन्याची एक रक्कम ठरवा, जी त्या कुणालाही न विचारता देऊ शकतील, आणि त्यापुढचं काही असेल तर वहीत लिहायचं, तुम्हाला फोन करायचा. ही अट आईंसमोर, मावशींसमोर, एकदाच आणि साध्या आवाजात सांगा.

फ्लॅटचं काम आता काढू नका. मुलांच्या नावे राहतं घर बक्षीसपत्राने करताना मुद्रांक शुल्क नाममात्र 200 रुपये आहे, म्हणून अनेक घरांत ही घाई होते. ‘मावशी काहीतरी सही करून घेईल’ ही भीती भावाला आहे. पण 1872 च्या भारतीय करार कायद्यात वय किंवा आजारपणाने मन दुबळं झालेल्या माणसावर दबाव आणून केलेल्या कराराबद्दल जे म्हटलं आहे, ते मुलांनाही तितकंच लागू होतं. आईंना खरंच द्यायचं असेल तर त्यांच्या स्वतःच्या वकिलाकडून, सांभाळ करण्याची अट कागदात लिहून घेऊन द्यावं. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 नुसार अशी अट मोडली तर हस्तांतरण रद्द करून मागता येतं. आईंना विचारण्याजोगा कागद खरं तर वेगळाच आहे. उद्या न्यूमोनिया झाला, शुद्ध गेली, तर व्हेंटिलेटर हवा का, नळीने अन्न हवं का? सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये अशा आगाऊ वैद्यकीय निर्देशाला मान्यता दिली आणि 2023 मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. शब्द अडकत असले तरी हे विचारता येतं, थोडं थोडं, बऱ्याच दिवसांत.

कॅमेऱ्याला मी सरसकट नाही म्हणत नाही. हॉलमध्ये, दोघींना माहीत असलेला आणि आईंनी हो म्हटलेला चालेल. जिथे त्यांचे कपडे बदलतात तिथे नको, आणि वन-बीएचकेमध्ये अशी जागा शोधणं कठीण आहे. मला विचाराल तर तुम्ही आणि भाऊ आठवड्यातून एकदा न सांगता जाऊन दोन तास बसलात, तर कॅमेऱ्यापेक्षा जास्त कळेल.

वृद्धाश्रमाला आई आज नाही म्हणतात, तो विषय आज बंद ठेवा. पण मावशींना अचानक गावी जावं लागलं, आजारी पडल्या, तर काय, हे आईंबरोबरच ठरवायला हवं. पनवेल, बदलापूर, वसई या पट्ट्यात अल्पमुदतीसाठी ठेवून घेणाऱ्या जागा आहेत. एक-दोन जागा आईंना स्वतः नेऊन दाखवा. तिथे खोलीचा रंग बघू नका. आंघोळ रोज एकच बाई घालते की जी हाताशी येईल ती, रात्री किती जणांमागे किती माणसं जागी असतात, आठ वाजता झोपायचं नसेल तर काय करता, स्वतःची चादर नि रेडिओ आणता येतो का, एवढं विचारा. प्रश्न आईंच्या तर्फे तुम्ही विचारा आणि उत्तर देणाऱ्याने आईंकडे बघून उत्तर दिलं का, ते पाहा.

सुरुवात या रविवारी करा. भावाला बोलवा, चौघं एकत्र बसा. आधी आईंना विचारायचं की सध्याच्या दिवसात काय बदलावंसं वाटतं, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. मग मावशींना तोच प्रश्न. मावशींच्या सुट्टीचा वार तिथेच ठरवा. त्या दिवशी आळीपाळीने एकदा तुम्ही, एकदा भाऊ, आदल्या रात्रीपासून दुसऱ्या सकाळपर्यंत आईंजवळ राहा, कमोड आणि आंघोळीसकट. आईंना मुलाकडून आंघोळ नको असेल तर भावाच्या पाळीला तेवढ्यासाठी तासाभराची बाई सांगा, बाकीचं त्यांनी करावं. असं दोन महिने झाल्यावर मावशी ठेवायच्या की नाही हे पुन्हा मांडा, तेव्हाही आईंसमोरच.